साहेबांसाठी सारवलेल्या भिंती

आमच्या घरी ही गोष्ट मी इतक्या वेळा सांगितली आहे की मुलं आता तिचा शेवट माझ्या आधी सांगून मोकळी होतात. घरात कार्य असलं, जेवणं उरकली, पानाचा डबा फिरला की कुणीतरी म्हणतंच, "तुमची ती पाड्यावरची गोष्ट होऊन जाऊ द्या." मी दोनदा नको नको म्हणतो आणि सांगतो. त्या गोष्टीत एका ठिकाणी मी साहेबांसमोर ताठ उभा राहतो आणि म्हणतो, "साहेब, चूक माझी आहे." नेमकी तिथे बायको उठून पाणी आणायला जाते. तहान कुणालाच लागलेली नसते. पण तिला खरं काय घडलं ते ठाऊक आहे, आणि नवऱ्याची चारचौघांत शोभा नको म्हणून ती बिचारी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहते.

आता पन्नाशीला टेकलो आहे आणि लिहायलाच बसलो आहे, तर तिची ती फेरी तरी वाचवावी म्हणतो.

एकोणीसशे साठनंतरची ती मधली वर्षं. जिल्हा परिषदा नव्या नव्या होत्या. पालघर हा ठाणे जिल्ह्यातला एक तालुका, आणि मी तिथे हिवताप निर्मूलनाच्या कामावर होतो. नेमणुकीचा कागद आला तेव्हा वडिलांनी घाटावर आमच्या गावात सांगितलं की मुलगा डॉक्टरी खात्यात लागला. लागलो होतो हे खरं, पण दिवसभर चालायला. खाकी पिशवी, सुया, काचेच्या पट्ट्या, गोळ्यांची डबी आणि एक निळी पेन्सिल घेऊन दर पंधरवड्याला प्रत्येक घरी जायचं. घरात कुणाला ताप आहे का, मागच्या पंधरा दिवसांत येऊन गेला का, कुणी पाहुणा आला आहे का आणि त्याला ताप आहे का, एवढे प्रश्न विचारायचे. ताप असला तर बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, कडू गोळ्या समोर गिळायला लावायच्या, आणि निघताना दाराशेजारच्या भिंतीवर तारीख घालून सही करायची.

ही भिंतीवरची सही म्हणजे आमची हजेरी. वहीत काय, बसल्या जागी दहा घरं लिहिता येतात. म्हणून तपासणीला येणारा माणूस वही नंतर बघायचा, आधी भिंत वाचायचा. भिंतीवर तारीख नाही म्हणजे कामगार आलाच नाही, असा सरळ हिशोब.

हा नियम ज्याने केला त्याच्या घरी भिंती चुन्याच्या असणार. माझ्या वाट्याला आला होता रुळांच्या पूर्वेचा भाग. बोईसर स्टेशन सोडून बेटेगावाच्या पुढे गेलं की डोंगराच्या पायथ्याशी पाडे लागतात, ते सगळे माझे. तिथली घरं कुडाची. कारवीच्या काठ्या बांधून त्यावर शेणमातीचा लेप. सण आला की बायका भिंत सारवतात, लग्न ठरलं की सारवतात, आणि जरा रिकामा दिवस मिळाला तरी सारवतात. पहिल्या तीन महिन्यांत माझ्या सह्या शेणाखाली अशा गडप झाल्या की तपासनीसाने विचारलं, "तुम्ही पगार घ्यायला तरी येता ना, की तोही घरपोच हवा?"

शेवटी पहिल्या पाड्यावरच्या पहिल्या घरात जी बाई राहायची तिच्यापुढे मी रडकुंडीला आलो. चाळिशीची असेल. कमी बोलायची आणि बोलली की समोरच्याला खाली बघायला लावायची. मी म्हटलं, "बाय, एवढा वीतभर तुकडा सोडून सारव. माझी नोकरी त्या तुकड्यावर आहे."

तिने तुकडा बघितला, मला बघितलं.

"येवढ्याशा जागंत मावते तुजी नोकरी?"

"मावते."

"मंग राहू दे."

तिने सोडला म्हणून बाकीच्या घरांनीही सोडला. त्यानंतर माझ्या पाड्यांवर प्रत्येक दाराशेजारी एक वीतभर चौकोन तसाच राहू लागला. सगळी भिंत नवी, मधे हा मळका तुकडा, त्यावर माझी निळी पेन्सिल. बायका त्याला सरकारचा तुकडा म्हणायच्या. मी मात्र अहवालात लिहिलं की लोकांमध्ये आरोग्यविषयक जागृती घडवून आणली.

रुळांच्या पश्चिमेला दुसरा एक माणूस फिरायचा. तो देवीची लस टोचायचा. माझ्याहून तीस वर्षांनी मोठा, किनाऱ्यावरचाच, उजव्या गुडघ्यात कायमची कळ. मी त्यांना दादा म्हणायचो. ते मला "काय घाटावरचे" म्हणायचे. सातपाटीपासून वरचा किनारा त्यांनी वीस वर्षं पायाखाली घातला होता. ज्यांना लहानपणी टोचलं त्यांची मुलं आता ते टोचत होते.

त्यांची कामाची एक तऱ्हा होती आणि तिच्यापायी ते दर महिन्याला बोलणी खायचे. एका घरात टोचायची तीन मुलं असली तरी ते एका फेरीला एकच मूल टोचायचे. दुसरं पुढच्या फेरीला, तिसरं त्याच्या पुढच्या. त्यामुळे त्यांचे आकडे कायम मागे. लस टोचलेलं मूल आठवडाभराने दोन दिवस तापतं, किरकिरतं, त्याला आईची मांडी लागते. दादा म्हणायचे, "दोन पोरं एकदम तापली तं बाईनं मासळीची टोपली कशी उचलायची? का तुमचे सायेब नेतील बाजारात?" हे ते तपासनीसालाही म्हणून दाखवत. त्याला ते आवडत नसे.

तर अशा आमच्या दोन सरकारी नोकऱ्या रुळांच्या दोन बाजूंनी सुखाने चालल्या असताना नवी रचना आली.

आरोग्य केंद्राच्या ओट्यावर आम्हा सगळ्यांना बसवून आमच्या डॉक्टरांनी हुकूम वाचला. हिवतापाचं वेगळं पथक बंद. देवीचा वेगळा माणूस बंद. आता सगळे एकाच नावाचे कर्मचारी, आणि प्रत्येकाने सगळंच करायचं. ताप बघायचा, लस टोचायची, जन्म-मृत्यू लिहायचे, कुटुंबनियोजनाचं समजावून सांगायचं. प्रत्येकाचा भाग आधीपेक्षा लहान, काम चौपट. इथवर आम्ही माना डोलावत होतो. मग शेवटचं कलम आलं. जुन्या सवयी जाव्यात म्हणून कुणीही आपल्या जुन्या भागात राहायचं नाही. पूर्वेचा पश्चिमेला, पश्चिमेचा पूर्वेला.

डॉक्टर चांगले होते. ते कलम त्यांनी जरा हळू आवाजात वाचलं. तीन महिने कामाची परीक्षा, मग जिल्ह्याचे साहेब येऊन बघणार. ज्याला नवं काम जमलं नाही त्याची बदली जव्हारच्याही पलीकडे, मोखाड्याच्या डोंगरात.

दादा माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी गुडघ्यावरचा हात उचलला नाही. निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. मोखाड्याला हा गुडघा घेऊन कोण चढणार? बदली झाली असती तर त्यांनी नोकरी सोडली असती, हे ओट्यावरच्या प्रत्येकाला कळलं. आणि मला काय वाटत होतं? आता कबूल करायला हरकत नाही, मला वाटत होतं की बरं झालं, सपाट रस्ता मिळाला, समुद्राचा वारा मिळेल.

एकमेकांना काम शिकवायला आठ दिवस होते. दादांनी माझ्याकडून बोट टोचणं शिकून घेतलं. माझ्याच बोटांवर. पाचव्या वेळेला त्यांचा हात असा बसला की मला कळलंदेखील नाही. मी त्यांच्याकडून लस टोचणं शिकलो. दात्यांची छोटी लोखंडी फिरकी दंडावर दाबून फिरवायची, बस. दिसायला सोपं. दादा म्हणाले, "पोराच्या डोळ्यांत बघू नका, आईच्या बघा. ती ढिली पडली की पोर ढिलं पडतं." मग त्यांनी तासाभरात मला आख्खा किनारा सांगितला. कुठल्या आळीत कुणाची सासू ऐकते, कुठे कुत्रं आहे, आणि मुख्य म्हणजे, "घड्याळ घरी ठेवा. भरती-ओहोटी बघून जा. होड्या कधी लागतात, बायका टोपल्या घेऊन कधी निघतात, त्याच्या मधे जो वेळ सापडेल तो तुमचा."

मीही त्यांना माझे पाडे सांगितले. सरकारचा तुकडा दाखवला, पहिल्या घरातल्या बाईची ओळख करून दिली. तिने दादांकडे बघितलं, मग त्यांच्या गुडघ्याकडे.

"ह्यांना चढवेल काय?" तिने मला विचारलं.

"चढवेल," मी म्हटलं. माझं काय जातंय.

किनाऱ्यावर माझी काय अवस्था झाली ते थोडक्यात सांगतो, कारण ते सगळं सांगण्यासारखं नाही. मी घाटावरचा, शाकाहारी. सातपाटीत बोंबील वाळत घातलेल्या बांबूंच्या मांडवांखालून चालताना मी श्वास धरायचो आणि दुसऱ्या टोकाला डोळे पांढरे करून बाहेर पडायचो. बायका बघायच्या. घड्याळाच्या सवयीने दहाला पोचायचो तर घरांना कुलपं. आणि कुणी घरी सापडलंच तर:

"ताप आहे का कुणाला, बाय?"

"हाय. तुमी आलात की येतो."

"लहान मुलं आहेत का टोचायची?"

"हायेत, पन त्यांना आमचा देवीवाला पाह्यजे. तो आला तं पोर हात पुडं करायचं. तुमी नुसती पिशवी उघडता तं आळीभर रडारड."

एकीने तर मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "बरं. आता त्यांना धाडून द्या."

तारापूरकडे वीजकेंद्राचं बांधकाम चाललं होतं. तिथल्या मजुरांच्या झोपड्याही माझ्याच भागात. तिथे जरा बरं चालायचं. कारण माझं हिंदी आणि त्यांचं मराठी सारखंच वाईट होतं. "बुखार है?" म्हटलं की बोट पुढे. पण किनारा काही मला वश झाला नाही.

तिकडे दादा कसे चढतात हे मला केंद्रावर कळायचं. दर सोमवारी आम्ही काचपट्ट्या जमा करायला जायचो. दादांच्या पट्ट्या नीट, लेबल नीट, पण लशीचे आकडे तसेच मागे. डॉक्टर म्हणाले, "अहो, निदान हे तीन महिने तरी सगळ्या मुलांना एकदम टोचा." दादा म्हणाले, "इथल्या बाया गवत कापायला जातात, सायेब. एक पोर तापलं तं पाठीला बांधून नेते. दोन कशी बांधनार?" डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मीही मनात म्हटलं, हा माणूस स्वतःच्या हाताने मोखाड्याला चालला आहे. बाहेर आल्यावर दादा पायरीवर बसून गुडघा चोळत होते. मला म्हणाले, "काय घाटावरचे, बोंबलाचा वास नाकातून गेला का?" मी म्हटलं, "नाही गेला." ते म्हणाले, "माज्याबी नाय गेला. सोप्नात येतो."

तीन महिने भरत आले. एका सोमवारी केंद्रातल्या शिपायाने मला बाजूला घेतलं आणि सांगितलं की गुरुवारी जिल्ह्याचे साहेब न कळवता दादांच्या भागात जाणार आहेत, तेही पहिल्याच पाड्यावर. तुमच्या जुन्या ओळखीचा आहे म्हणून वाट दाखवायला तुम्हाला नेणार आहेत. कुणाला बोलू नका.

मी बोललो नाही. फक्त निरोप पाठवला. बोईसरच्या बाजारात त्या पाड्यावरचा एक गडी भेटला. त्याला म्हटलं, "गुरुवारी मोठे साहेब येणार आहेत. पाड्यावर सांग, सगळं नीट करून ठेवा. दादांच्या नोकरीचा प्रश्न आहे." माझ्या मनात काय होतं? मुलं घरी असावीत, बायकांनी त्या दिवशी गवतावर जाऊ नये, विचारलं तर हा माणूस येतो म्हणून सांगावं. बस एवढंच. दादांना मात्र कळवलं नाही. म्हटलं, काम झाल्यावर सांगू, आपण काय केलं ते.

घरी येऊन बायकोला ऐटीत सांगितलं. लग्नाला वर्ष झालं नव्हतं, त्यामुळे ती अजून माझं ऐकून घेत असे. सगळं ऐकून ती म्हणाली, "नीट म्हणजे काय ते सांगितलंत का?"

मी म्हटलं, "त्यांना कळतं."

गुरुवारी साहेबांबरोबर निघालो. साहेब स्वतः डॉक्टर होते, शांत, सडपातळ, चालताना बोलत नसत. रस्ता संपला तिथे जीप ठेवली आणि अर्धा तास चाललो. पाडा दिसायच्या आधीच वास आला. ओल्या शेणमातीचा. मी थबकलो. साहेब म्हणाले, "का हो, वाट चुकलात का?"

चुकलो होतो. पण ती वाट नव्हे.

पाडा असा दिसत होता की त्या दिवशी तिथे सात लग्नं आहेत असं वाटावं. एकूण एक भिंत ताजी सारवलेली. अंगणं सारवलेली. दारांच्या कडेने तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेघा. बायका नवी लुगडी नेसून दारात उभ्या. साहेबांना बरं वाटलं. म्हणाले, "किती स्वच्छ ठेवलाय पाडा."

सकाळीच केंद्रातून बोलावणं गेल्यामुळे दादा आधीच येऊन पोचले होते. पिशवी खांद्याला, पाठ ताठ. त्यांच्या तोंडावर रंग नव्हता.

साहेब पहिल्या घरात शिरले, दाराशेजारची भिंत बघितली. मग दाराच्या मागची. मग दुसऱ्या घरात गेले. तिसऱ्या. सरकारचा तुकडा कुठेच नव्हता. कसा असणार? सगळ्या भिंतीत मळका तोच दिसायचा. साहेब येणार म्हटल्यावर बायकांनी पहिला हात त्याच्यावर फिरवला होता.

साहेब अंगणात आले. "तुमच्या वहीत या पाड्याच्या सहा फेऱ्या आहेत. भिंतीवर एकही नाही."

"मी येऊन गेलोय, सायेब," दादा म्हणाले.

"कागदावर तर तसंच दिसतंय."

दादांनी सारवलेल्या भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे. एकदाच. मला वाटतं तेवढ्यात त्यांना सगळं कळलं. नुसतं म्हणाले असते, "ह्या माणसाला विचारा," तरी सुटले असते. म्हणाले नाहीत.

आता इथे मी छाती पुढे काढतो, निदान गोष्टीत. खरं असं झालं की माझ्या डाव्या चपलेत एक खडा होता. तो मी काढला. मग उजवीत नव्हता, तीही झटकली. पाठोपाठ मला खोकला आला. बोलायचं नक्की ठरवलं होतं, हे शपथेवर सांगतो. पण न कळवता होणाऱ्या तपासणीची बातमी फोडणं म्हणजे काय हे मला ठाऊक होतं, आणि घरी बायकोला दिवस गेले होते. मी मनात म्हटलं, साहेब पुढच्या घराकडे वळले की बोलतो. साहेब वळले. मी म्हटलं, परत आले की बोलतो.

तेवढ्यात पहिल्या घरातली बाई, कडेवर मूल घेऊन, माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आवाज न चढवता म्हणाली, "तूच निरोप धाडला ना, मोटा सायेब येनार हाय, समदं नीट करून ठेवा म्हून? मंग आता तोंड का शिवलंय?"

साहेब परत फिरले. "काय म्हणाली ती?"

मी सांगितलं. म्हणजे तिने सांगितलेलंच पुन्हा शुद्ध मराठीत सांगितलं, आणि शेवटी "साहेब, चूक माझी आहे" असं जोडलं. माझ्या गोष्टीतलं ते वाक्य खोटं नाही. फक्त दोन मिनिटं उशिरा आलेलं आहे.

"तुम्हाला तपासणीचं कसं कळलं?"

"अंदाज केला, साहेब."

"गुरुवारचा?"

मी पुन्हा चपलेकडे बघितलं.

साहेबांनी माझ्याकडे पाठ केली. मग दादांना म्हणाले, "निरोप यांनी पाठवला, भिंती बायकांनी सारवल्या, कबूल. पण तुम्ही आला होता हे त्यातून ठरत नाही. सारवायच्या आधी तिथे सह्या होत्याच, हे मी कशावरून लिहू?"

बायका बोलल्या असत्या, पण बायकांचं बोलणं तक्त्यात बसत नाही. दादांनी पिशवीचा पट्टा खांद्यावर नीट केला, निघायच्या तयारीने.

त्या बाईच्या कडेवरचं मूल मघापासून किरकिरत होतं. साहेबांचा हात त्याच्या दंडाला लागला तसं ते कळवळून रडलं. साहेबांनी दंड उजेडाकडे वळवला. लशीचा फोड टरारून भरला होता, भोवती लाल कडं.

"आठ दिवसांपूर्वीचं," साहेब स्वतःशीच म्हणाले.

"मागल्या बुधवारी, सायेब," दादा म्हणाले.

"हिला आणखी मुलं आहेत का?"

बाईने मागे लपलेल्या मुलीला पुढे ओढलं. तिच्या दंडावर खपली होती, एका कडेने सुटू लागलेली. साहेबांनी ती बोटाने चाचपली. "तीन आठवडे." तिसरा मोठा मुलगा आला. त्याच्या दंडावर खपली पडून गेलेला गुलाबी खड्डा. "पाच. नाही, पाचाच्या वर."

ते सरळ उभे राहिले. "एका घरातली तीन मुलं तीन वेगळ्या फेऱ्यांना? एकदम का नाही टोचली?"

हाच प्रश्न दादांनी वीस वर्षं ऐकला होता. या वेळी ते हळू बोलले. "बाई गवतावर जाते, सायेब. एक पोर तापलं तं पाठीला बांधते. दोन नाय बांधता येत."

साहेबांनी वही काढली. भिंतीसाठी छापलेला तक्ता उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहायला लागले. मग ते घराघरांत गेले. आता भिंती बघत नव्हते, दंड बघत होते. मुलं रांगेने हात पुढे करत होती, जशी किनाऱ्यावरची करायची म्हणतात तशी. भरलेला फोड, सुटणारी खपली, गुलाबी व्रण, त्याहून फिकट व्रण. प्रत्येक घरात निरनिराळ्या आठवड्यांचे. फोड बघून दिवस सांगायला डॉक्टर लागतो. सुदैवाने साहेब डॉक्टर होते. कुठे अडले तर दादांकडे बघत आणि दादा वार सांगत. चौथ्या घरापासून दादा वहीत न बघता सांगू लागले. दोन मुलांची टोचणी राहिली होती, तीही त्यांनी आपणहून सांगितली.

एकदम टोचली असती, आम्ही सगळे सांगत होतो तशी, तर त्या दंडांवर फार तर एक फेरी दिसली असती.

निघताना साहेबांनी माझ्याकडे हात केला. मला वाटलं, आता आलं. ते म्हणाले, "पेन्सिल." मी निळी पेन्सिल दिली. पहिल्या घराच्या ताज्या भिंतीवर त्यांनी तारीख घातली आणि सही केली. पेन्सिल परत दिली नाही.

दादांच्या कागदावर 'काम समाधानकारक' असा शेरा आला. मोखाडा टळला. मला खुलासा मागणारं पत्र आलं. मी चार पानी खुलासा लिहिला. डॉक्टरांनी तो वाचून म्हटलं, "दोन ओळी पुरेत," आणि कुठल्याशा फायलीत घातला. शिपायाचं नाव त्यात नव्हतं, एवढं एक मी बरं केलं.

जुना भाग मात्र कुणालाच परत मिळाला नाही. हुकूम तो हुकूम. दादा तीन वर्षं गुडघा चोळत डोंगर चढले आणि तिथूनच निवृत्त झाले. मी हळूहळू भरती-ओहोटी बघायला शिकलो. बोंबलाचा वास येईनासा झाला, आणि ज्या दिवशी तो येईनासा झाला त्या दिवशी एका मुलाने माझ्यापुढे आपणहून हात केला. मासळी अजून खात नाही. दादांनी त्या गुरुवारबद्दल मला कधी एक शब्द विचारला नाही. फक्त सोमवारी केंद्राच्या पायरीवर भेटलो की म्हणायचे, "काय घाटावरचे, आज कुनाला निरोप धाडलाय?" एवढं शिक्षा म्हणून पुष्कळ होतं.

दादांच्या शेवटच्या वर्षी देवीच्या मोहिमेसाठी सगळ्यांना एकत्र फिरवलं, तेव्हा मी पुन्हा त्या पाड्यावर गेलो. पहिल्या घराची भिंत नुकतीच सारवलेली होती. मधे एक वीतभर चौकोन सोडलेला. जवळ जाऊन बघितलं तर त्यात एकच सही, साहेबांची, निळ्या पेन्सिलीची, पुसट झालेली. दादांची एकही नाही. ते दर पंधरवड्याला येत होते आणि प्रत्येक वेळी सही करत होते, हे मला माहीत होतं.

मी तिला विचारलं, "बाय, साहेबांची सही तेवढी ठेवलीस. दादांच्या का सारवल्यास?"

तिने माझ्याकडे बघितलं. मला आपोआप खाली बघावंसं वाटलं.

"सायेब येक डाव आला," ती म्हणाली, "तं त्याचं ठेवलं. दादाचं कशाला ठिवू? तो तं येतोच."